शाळेतले पर्यावरण आणि वस्तीतला न्याय

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा : पर्यावरणाचे शिक्षण शाळेत कसे चालते आणि शाळेतली माणसं त्याकडे कशी पाहतात. आम्ही म्हणजे याच वस्तीत राहणारे, आसपासच्या शाळांतून शिकवणारे, काही आता निवृत्त झालेले शिक्षक. बोलायला एकच जण उभा राहिला असला तरी बोलणे सगळ्यांचे आहे. चार संध्याकाळी बसून, वाद घालून जे जमले ते आपल्यापुढे ठेवतो. भाषण मोठ्या विद्वानाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

सुरुवात एका वहीपासून करतो.

२०१७ सालची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. आठवीच्या वर्गाला 'माझ्या परिसरातील प्रदूषण' या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. वर्गात मागे बसणाऱ्या एका मुलाने तीनच ओळी लिहिल्या. त्याने लिहिले होते की आमच्या गावात कारखाना नाही, गाड्या थोड्या आहेत, म्हणून आमच्या गावात प्रदूषण नाही. आम्ही त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली. कारण आम्ही शिकवलं होतं ते तसंच होतं. प्रदूषण म्हटलं की चित्रात धुरांडी, मुंबईची वाहतूक आणि नदीत पडणारे कारखान्याचे पाणी. मुलाने बरोबर उत्तर लिहिले होते!

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तो शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की वडील दुसऱ्याच्या कपाशीत रोजाने फवारा मारायला गेले होते, रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेना, आणि त्यांना यवतमाळला नेले.

त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात काय झाले ते इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. पण लहान मुलांसाठी सांगतो. जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात कीटकनाशकाच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. कारणे पुढे आली ती आपल्या ओळखीचीच होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. हवा दमट होती. बॅटरीच्या नव्या पंपातून तुषार फार बारीक निघत होते. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क कुणाकडेच नव्हता. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फवारणारा माणूस बहुतेक वेळा रोजाने आलेला होता.

आता सांगा, हे प्रदूषण होते की नव्हते? हवेतले होते, पाण्यातले होते, अंगावरच्या कपड्यातले होते. ते कपडे घरी धुणारी बाईही त्यात होती. पण आमच्या धड्यात ते नव्हते. आणि मुलाच्या वहीत आमची बरोबरची खूण होती.

त्या मुलाचे वडील वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले, पण त्या कामाला पुन्हा जाऊ शकले नाहीत. दुसऱ्या वर्षी मुलगा नववीच्या हजेरीपटावर होता, वर्गात नव्हता. पंप बापाच्या पाठीवरून त्याच्या पाठीवर गेला होता. आम्ही घरी गेलो, तर त्याची आई म्हणाली, "गुरुजी, साळंत पाठवतो म्हनता, पन सांजच्या चुलीचं काय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. ते आजही पुरते देता येत नाही. या गोष्टीमुळेच आम्ही हा विषय घेतला.

आता शाळेच्या बाजूने थोडे बोलतो, कारण शिक्षकावर सगळे ढकलून मोकळे होणे बरोबर नाही.

पर्यावरणाचा विषय शाळेत अचानक आला असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा आग्रह होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितले की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवला पाहिजे. तरी ढिलाई झाली, म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले आणि अभ्यासक्रम तयार करायचे काम एन.सी.ई.आर.टी.कडे गेले. आपल्याकडे तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' आहे. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आले, पुढे त्याला जलसुरक्षेची जोड मिळाली.

म्हणजे कागदावर सगळे आहे. मग वर्गात काय होते? बारावीला एके काळी या विषयाला ५० गुण होते आणि ते ६५० च्या बेरजेत धरले जात. प्रकल्प आणि जर्नल एवढ्यावर ते मिळत. दुकानात तयार जर्नल विकत मिळायचे, मुलं ते उतरवून काढायची, आम्ही सही करायचो. नंतर तो विषय श्रेणीचा झाला, गुणांच्या बेरजेतून गेला. ज्याचे गुण नाहीत त्याचा तास गणिताला द्यावा, हा शाळेतला अलिखित नियम आहे. पालकही तेच मागतात. इथे बसलेल्या पालकांनी रागावू नये, पण 'पोराचा पर्यावरणाचा तास झाला का' असे विचारायला आजवर एकही जण आमच्याकडे आला नाही.

स्टाफरूममध्ये या विषयावर आम्ही मुद्दाम बोलणे काढले. पुष्कळांना पर्यावरण म्हणजे झाडे लावणे वाटते. त्यांचे चूक नाही, झाडे लागतातच. २०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यात कोट्यवधी रोपांची मोहीम झाली, शाळांनीही रोपे लावली, फोटो पाठवले. पण एक गुरुजी हसत म्हणाले, "आमच्या शाळेचा खड्डा मात्र तोच आहे, दर जुलैत त्यात नवं रोप जातं." मार्चनंतर पाणी कोण घालणार? आपल्याकडे उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी पुरत नाही, तिथे रोपाला कुठून आणायचे? एका मुलीने आम्हाला हे तोंडावर विचारले होते. तिचे नाव हजेरीपटावर एप्रिलमध्ये निम्म्याच दिवशी असायचे. बाकीच्या दिवशी ती हंडा घेऊन रांगेत असायची. आमच्या एक बाई म्हणाल्या की पाणीटंचाईवर निबंध लिहून घेण्यापेक्षा एप्रिलच्या हजेरीत मुली किती आणि मुलगे किती गैरहजर, एवढे मोजून फळ्यावर लिहा, तोच धडा होईल. हे आम्हाला पटले.

दुसरा एक सूर भीतीचा निघाला. तो खरा आहे, म्हणून लपवत नाही. झाडे, ओझोन, वाघ यांवर बोलले तर कुणी हरकत घेत नाही. पण औषधावर बोलायला गेले तर ज्याच्या शेतात फवारा मारला तो पालकच असतो, शाळा समितीवर त्याचाच भाऊ असतो, आणि पंधरा ऑगस्टला मुलांना वह्या वाटणारा औषधांचा दुकानदार असतो. पाण्यावर बोलायला गेले तर नळ कोणत्या गल्लीत आधी सुटतो हा प्रश्न येतो. जमिनीवर बोलायला गेले तर गायरानाचा प्रश्न येतो. एक ज्येष्ठ मुख्याध्यापक म्हणाले, "पर्यावरण शिकवा, न्याय शिकवू नका, बदली होते." ते थट्टेत म्हणाले असतील. पण आमच्यापैकी कुणी हसले नाही.

तिसरी गोष्ट एका शिक्षक मित्राने मांडली. ते स्वतः शेतकऱ्याचे चिरंजीव आहेत. ते म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. त्यानेही उसनवारीनेच औषध आणले, बोंडअळीने त्याचे पीक खाल्ले, आणि पुष्कळ ठिकाणी तो स्वतःच फवारत होता." हे बोलणे आम्ही मान्य केले. विष पिणाऱ्या दोघांना एकमेकांपुढे उभे करायचे आणि विष विकणारा, विकायला परवानगी देणारा बाजूला ठेवायचा, हा न्याय नव्हे. त्या वादातून आमची समज थोडी वाढली.

पण सगळ्यात नेमके बोलले ते शिक्षक नव्हते. खिचडी शिजवणारी ताई म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकात धूर वाईट लिहिला आहे, मी रोज दोन तास त्याच्यात बसते, मला कोणी विचारलं का?" आणि शिपाईमामा म्हणाले की संडास-मुतारी धुवायला वर्गातून पोरं बोलवायची वेळ येते तेव्हा कोणाची पोरं बोलवायची हे आधीपासून ठरलेले असते, असे त्यांनी आपल्या नोकरीत पाहिले आहे. कोणत्या शाळेत ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

पर्यावरणीय न्याय हा शब्द जड आहे, पण त्याचा अर्थ या दोघांच्या बोलण्यात पुरा आला. घाण, धूर, विष आणि टंचाई ही सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. ती कोणाच्या वाट्याला जास्त येतात, का येतात, आणि ठरवताना त्यांना कोणी विचारले का, एवढेच त्यात बघायचे असते.

हा शब्द अमेरिकेत चळवळीतून रुजला. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉरन परगण्यात विषारी रसायनाने खराब झालेली माती पुरायला सरकारने जागा निवडली ती काळ्या, गरीब लोकांच्या वस्तीजवळ. लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेवर लोकांना अटक झाली. तरी माती तिथेच पुरली गेली. पण पुढे १९८७ मध्ये तिथल्या एका चर्चच्या संस्थेने देशभर पाहणी करून दाखवून दिले की विषारी कचऱ्याच्या जागा कुठे असणार हे सांगणारी सर्वांत मोठी खूण म्हणजे तिथे राहणाऱ्यांचा वर्ण. १९९१ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि १७ तत्त्वे मंजूर झाली.

हे वाचताना आम्हाला वाटले, मंडळी, हे आपल्याला नवीन कुठे आहे? गावाच्या कोणत्या दिशेला आपल्या वस्त्या होत्या, मेलेले ढोर कुठे टाकायचे, नदीवर खालच्या अंगाला पाणी कोणी भरायचे, हे आपल्या आजोबांना कुणी पाहणी करून सांगावे लागले नाही.

आणि पाण्याचा तर आपला इतिहासच आहे. महाडच्या चवदार तळ्यात पाणी भरपूर होते. तिथे टंचाई नव्हती, मज्जाव होता. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्याचा विधी झाला. मग कोर्टकचेरी झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे. आपल्या मुलांना हे इतिहासाच्या तासाला येते, सनावळीसकट येते. पण पाण्याच्या धड्यात हे कुणी शिकवत नाही. तिथे जलचक्र असते : बाष्पीभवन, ढग, पाऊस. ढगातून पडलेले पाणी पुढे कोणाच्या हंड्यात जाते, तिथे चक्र थांबते.

शाळेतले पाणी म्हटले तर बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवले आहे. शाळेत तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. शाळेतल्या कर्मचाऱ्याचा आणि पर्यावरणीय न्यायाचा संबंध काय, असे आम्हाला एकाने विचारले. तो शिपाई आणि तो नळ हाच संबंध आहे. शाळेची तोटी आज सगळ्यांना खुली आहे, हे खरे आणि मोठे आहे. पण तोटीला पाणी किती दिवसांनी येते, ते कुणी तपासले का, आणि टाकी कधी धुतली, हे आम्ही स्वतः मास्तर असून कित्येक वर्षे विचारले नव्हते.

वर्षावासात आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पहिल्याच दिवसांत रोहिणी नदीचा प्रसंग येतो. शाक्य आणि कोलीय दोघांची शेती रोहिणीच्या पाण्यावर. आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून तंटा वाढला आणि युद्धाची तयारी झाली. सिद्धार्थाने सुचवले की दोघांनी आपापली दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा. संघाने ऐकले नाही, आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी असे पाण्याच्या तंट्यात दाखवले आहे. आम्ही एकदा सातवीच्या मुलांना हा प्रसंग सांगून वर्गातल्या वर्गात पाच जणांची समिती नेमायला लावली. विषय दिला, गल्लीतला नळ. मुलं इतकी भांडली की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. पण तासाच्या शेवटी त्यांनी ठरवले ते ऐकण्यासारखे होते. ज्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे त्याचा हंडा आधी. हे आम्ही त्यांना सुचवलेले नव्हते.

एक लक्षात घ्या, वर्षावासाचे तीन महिने आणि कपाशीच्या फवाऱ्याचे तीन महिने एकच आहेत. संध्याकाळी वाचनाला माणसे येतात तेव्हा त्यांच्या कपड्याला औषधाचा वास येतो. आपण त्या वासाला इतके सरावलो आहोत की तो उदबत्तीच्या वासात मिसळून जातो.

बंदी भागातून ढाणकीला शिकायला येणाऱ्या मुलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पैनगंगा अभयारण्यातली ही गावे. वाघ-बिबट्या वाचले पाहिजेत हे त्या मुलांना पाठ आहे. पण रस्त्याला वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात आजारी माणूस खाटेवरून आणावा लागतो, हेही त्यांना पाठ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या कुटुंबाला जमिनीचा दावा करायचा तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याच्या आजोबाला सही येत नव्हती त्याने ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा? जंगल वाचवा या धड्यात हा प्रश्न यायला हवा, असे आमचे मत आहे. जंगलाच्या विरोधात आम्ही बोलत नाही. मुलगा घरी एक बघतो आणि वहीत दुसरे लिहितो, एवढीच आमची तक्रार आहे.

आता करता येण्यासारखे काय ते सांगतो. थोडेच आहे.

औषधाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र असते. पिवळा त्याखालचा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तुलनेने कमी विषारी एवढेच. हे चौथीच्या मुलाला एका तासात शिकवता येते, आणि आम्ही शिकवून पाहिले. मुलांनी घरी जाऊन शोधले आणि येऊन सांगितले की लाल त्रिकोणाचा डबा धान्याच्या कोठीमागे आहे. दोन घरांत तर रिकाम्या डब्यात पाणी भरून ठेवले होते. त्या दिवशी पालकांचे दोन रागाचे निरोप आले, आणि एक आई स्वतः डबा दाखवायला आली. यातले मोनोक्रोटोफॉस नावाचे औषध पुढे केंद्र सरकारने बंद करायचे ठरवले, २०२४ पर्यंतची मुदत देऊन. पण घराच्या कोपऱ्यात जुना डबा पडून असेल तर त्याला मुदत कळत नाही.

आणखी एक. कुणाला विषबाधा झाली तर दवाखान्यात जाताना तो डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. काही औषधांवर उतारा आहे, काहींवर खास उतारा नाही, आणि डॉक्टरला नाव कळल्याशिवाय तो अंधारात चाचपडतो. २०१७ मध्ये पुष्कळांना आपण काय फवारले तेच सांगता येत नव्हते. वाचता न येणारा माणूस फवारणार असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाने आधी चिठ्ठी वाचून दाखवावी. हाच त्याचा पर्यावरणाचा प्रकल्प, आम्ही त्यालाच श्रेणी देऊ. मात्र मुलाला फवाऱ्याला पाठवू नका. पाण्याच्या बादल्या वाहायलाही नको. हे आम्ही हात जोडून सांगतो.

समितीशी आमचे बोलणे झाले आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आठवी ते बारावीच्या मुलामुलींनी विहारात थांबावे. वस्तीतले नळ, हातपंप आणि विहिरी यांची यादी करायची आहे : कोणते चालू, कोणते बंद, पाणी किती दिवसांनी. यादी झाली की तिची एक प्रत नगरपंचायतीत आणि एक शाळेत देऊ. वही आणि पेन आम्ही आणतो. खिचडीवाल्या ताई आणि शिपाईमामा येणार म्हणाले आहेत.

ज्या मुलाच्या वहीवर आम्ही बरोबरची खूण केली होती, तो आता मोठा झाला आहे, हंगामात कामाला असतो. परवा रस्त्यात भेटला. रविवारचे सांगितले, तर म्हणाला, "येतो सर, मले सगळ्या विहिरी माहीत आहेत."